वाजत्या कपाटातला गांधार

नृसिंहराव गंध्यांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नामुळे. आमच्या शाळेची प्रार्थनेची पेटी बिघडली होती. काही सूर मुके झाले होते आणि एक सूर पट्टी न दाबताच वाजत राहायचा. मुलं त्या सुराला 'हेडमास्तर' म्हणत. पेटी दुरुस्त करायला नवरा-बायको दोघं आली. नृसिंहरावांनी पेटी उघडली नाही, आधी मला विचारलं, "ही पेटी घेऊन गातं कोण?"

"सगळी शाळा," मी म्हटलं.

"सगळी म्हणजे?" ते खरोखरच अडचणीत पडलेले दिसले. "मग सा कुणाचा धरायचा?"

बायको पदर तोंडाशी धरून हसली. "अहो, भजनी मंडळाची पेटी आहे का ती? बाई सुरुवात करून देत असतील ना? बाईंचा धरा."

मग त्यांनी मला प्रार्थनेची पहिली ओळ म्हणायला लावली. मी भूगोल शिकवत असे. माझा आवाज तोवर कुणी ऐकण्यासाठी म्हणून ऐकला नव्हता. ते मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत उभे राहिले आणि मग डॉक्टरनं रक्तगट सांगावा तसं म्हणाले, "तुमचा सा काळी चार."

ही त्यांची कामाची पद्धत होती. माणूस बघून पेटी लावायची. पेटीचा धंदा नृसिंहरावांचा पिढीजात, वडिलांकडून आलेला. पण ही पद्धत बायकोची, विजयाताईंची. त्या माहेरी गाणं शिकलेल्या. बाजारातून पेटी येते तेव्हा तिचे सगळे सूर सारख्या अंतरावर ठेवलेले असतात. त्यामुळे कुठल्याही पट्टीला सा मानून गाता येतं, पण त्यासाठी जवळजवळ प्रत्येक सूर किंचित चुकीचा ठेवावा लागतो. सगळ्यांत जास्त खटकतो तो गांधार. तंबोरा नीट लावला की त्याच्या झंकारातून एक गांधार आपोआप ऐकू येतो, कुणी न छेडता. पेटीचा गांधार त्याच्यापेक्षा जरासा वर असतो. विजयाताईंना तो जरासा सहन व्हायचा नाही. म्हणून ही दोघं गाणाऱ्याचा सा विचारून घेत आणि बाकीचे सूर त्या एका 'सा'च्या भोवती बसवून देत. मग ती पेटी त्या माणसाची होई. दुसऱ्या कुणी दुसऱ्या पट्टीतून गायला घेतलं की ती कडवट वाजे. लोकांना त्याचं काही वाटत नसे. मंडळात गाणारा बुवा एकच असतो.

हे सगळं मला पुढे हळूहळू कळलं. त्यांचं घर माझ्या वाटेवर होतं. कोपरगावात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, दोनच खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. पुढच्या खोलीत राजूरकडून दमट होऊन आलेल्या पेट्या असत आणि पाथर्डीकडून धुळीनं भरून आलेल्या पेट्या असत. विजयाताई पेटीपुढे बसून भाता हलवायच्या आणि पट्टी दाबून धरायच्या. नृसिंहराव आतली पितळेची जीभ, म्हणजे सूर, काढून ती कानशीनं अगदी हलक्या हातानं खरवडायचे, परत बसवायचे.

"वर," विजयाताई म्हणत. "अजून वर. अजून. पुरे! पुरे म्हटलं ना. आता खाली आणा परत. कान मंडईत विसरून आलात का?"

"तूच उशिरा म्हणालीस."

"मी वेळेवरच म्हणाले. तुमचा हात ऐकत नाही."

हे दिवसभर चाले. त्यांना मूल नव्हतं. भांडणाला दुसरा विषयही नव्हता.

गावाबाहेर एक जुना खासगी साखर कारखाना होता, तो केव्हाच बंद पडला. त्याचा क्लब मात्र राहिला: दगडी इमारत, वर पत्रे, आत लाकडी जमीन. त्या क्लबमध्ये भिंतीला लागून एक कपाट उभं होतं. माणसापेक्षा उंच, पुढे रंगीत काचा. कारखान्याचा पहिला इंजिनिअर जर्मन होता आणि यंत्रसामग्रीच्या खोक्यांबरोबर त्यानं हे स्वतःसाठी आणवलं, असं सांगत. त्याच्या पोटात खाली पियानो होता, वर लाकडी नळ्यांच्या रांगा होत्या आणि मध्ये कागदाची रुंद गुंडाळी. कागदाला भोकं पाडलेली. तो कागद एका पितळेच्या पट्टीवरून सरकायचा. त्या पट्टीलाही बासरीसारखी भोकं, शेजारी शेजारी, एकेका सुराचं एकेक. कागदाचं भोक पट्टीच्या भोकावर आलं की हवा आत जाई आणि तेवढा सूर वाजे, तारेवर हातोडी पडून किंवा नळीत वारा जाऊन. माणसानं काही वाजवायचं नाही. मोटर चालू करायची आणि ऐकायचं. गावात त्याला 'वाजतं कपाट' म्हणत, जरी कित्येक वर्षांत ते कुणी वाजताना ऐकलं नव्हतं.

क्लबची इमारत पुढे एका शेतकरी कुटुंबानं विकत घेतली आणि मुलानं, रविराजनं, तिथं मंगल कार्यालय सुरू केलं. कपाट भंगारात घालायचं त्याच्या मनात आलं नाही, हे त्याचं चांगलं. तो गंध्यांकडे आला. "काका, पेटीसारखंच असंल ना ते? भाता हाय, सूर हायेत. बघा की जरा."

नृसिंहराव घाबरले होते. विजयाताई म्हणाल्या, "बघायला काय जातं?"

सबंध एक हिवाळा ती दोघं तिथं जात होती. मीही कधी कधी जायचे, नुकतीच निवृत्त झाले होते आणि दुपारी हातात काही नसे. नळ्यांच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीची घरं केलेली. ती ओली करून, काडीनं टोकरून काढण्यातच बरेच दिवस गेले. भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लेलं, ते नवं लावलं. मोटरची तार रविराजच्या ओळखीच्या माणसानं नव्यानं गुंडाळून दिली. मग सूर मिळवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की कपाटाला पेटीसारख्या दाबायच्या पट्ट्याच नाहीत. एकच सूर धरून ठेवायचा कसा? कागद लावला तर सबंध गाणं वाजणार.

विजयाताईंनी युक्ती काढली. त्यांचं गुडघ्याचं दुखणं जुनं, घरात एक्स-रेचे काळे कागद पडलेले. त्यातला एक घेऊन त्यांनी त्याला एकच भोक पाडलं आणि तो पितळेच्या पट्टीवर दाबून धरला. सगळी भोकं झाकली गेली, एक उघडं राहिलं, एक नळी वाजायला लागली. कागद सरकवला की शेजारची नळी. त्या खाली स्टुलावर बसून स्वतःचा गुडघा इकडून तिकडे सरकवत आणि नृसिंहराव शिडीवर उभे राहून नळीच्या टोकाचं बूच हलवत. बूच आत ढकललं की सूर चढतो, बाहेर ओढलं की उतरतो.

"वर. अजून वर. थांबा."

मोटरच्या घरघरीत त्यांना ओरडून बोलावं लागे.

आणि इथं त्यांनी एक चूक केली. कपाटाशेजारी त्यांनी घरून रिक्षातून आणलेला तंबोरा उभा केला, पहिल्या गुंडाळीतलं गाणं जिथून सुरू होतं तो सा धरला आणि सगळ्या नळ्या त्या 'सा'च्या भोवती बसवल्या. बुवाची पेटी बसवावी तशा. तंबोऱ्यातला गांधार नळीत आणला. नळ्या झाल्यावर त्या नळ्यांना धरून पियानोच्या तारा लावल्या.

पहिल्यांदा कपाट लावलं तेव्हा क्लब झाडणाऱ्या केशरबाई झाडू घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "आगं बया," त्या म्हणाल्या, "ह्ये तर मानसावानी गातंय!" खरंच तसं वाटलं. मी सुरातली जाणकार नाही, पण तो आवाज कानाला कुठे टोचत नव्हता. संथ चालीचं काहीतरी गाणं होतं. निम्मं गाणं तसंच गेलं. मग एका जागी एकदम दूध नासावं तसं काहीतरी झालं. सूर एकमेकांवर खेकसायला लागले. थोड्या वेळानं पुन्हा सगळं गोड झालं.

नृसिंहरावांचा चेहरा पडला. नळी सरकली असेल म्हणून ते शिडीकडे निघाले. विजयाताई मात्र स्टुलावर बसून हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना.

"अहो, उतरा खाली. नळ्यांना काही झालेलं नाही. हे साहेब मधेच सा बदलतात!"

तसंच होतं. त्या साहेबांच्या संगीतात गाणं एका 'सा'वरून निघतं, मध्येच दुसऱ्या घरी जाऊन बसतं आणि परत येतं. म्हणून तर त्यांचे सूर सारख्या अंतरावर ठेवलेले असतात. या दोघांनी जर्मन इंजिनिअरचं कपाट राजूरच्या बुवाला लावून दिलं होतं. मला हे दुसऱ्या दिवशी विजयाताईंनी भाजी निवडता निवडता सांगितलं, पुन्हा हसत. "आयुष्यभर एका 'सा'ला धरून बसलेली माणसं आम्ही. आम्हाला काय माहीत! आता पुढच्या थंडीत सगळं परत लावू. यांना सांगू नका, पण मला आहे तसंच आवडलंय."

पुढची थंडी त्यांना मिळाली नाही. श्रावणात ताप आला, तो उतरला नाही. नगरच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

नृसिंहरावांनी काम थांबवलं नाही, निदान लगेच नाही. पेट्या येतच होत्या. पट्टी दाबून धरायला कुणी नाही, म्हणून ते पट्टीत पत्त्यांच्या खेळातलं एक दुमडलेलं पान अडकवत, एका हातानं भाता हलवत आणि दुसऱ्या हातानं कानस चालवत. मी वाटेवरून जाताना ऐकायचे. सूर वाजायचा, थांबायचा. मग त्यांचा आवाज यायचा: "वर?" आणि मग बराच वेळ काहीच नाही.

त्यांनी लावलेल्या जुन्या पेट्याही एकेक करून गेल्या. बुवा म्हातारे झाले, नवा बुवा आला, त्याचा सा वेगळा, पेटी दुसऱ्या कुणाकडून लावून घेतली. काही मंडळांनी विजेच्या पेट्या घेतल्या. पितळेचा सूर खरवडला की आधीचं काही राहत नाही. विजयाताईंच्या कानानं लावलेलं, कुणी हात न लावलेलं, असं एकच काय ते उरलं: क्लबमधल्या कपाटातल्या नळ्या. तारा वर्षा-दोन वर्षांत उतरून गेल्या होत्या. पियानो आता पत्र्यावर खडे पडल्यासारखा वाजे. पण लाकडी नळ्या बसवल्या तिथं बसून होत्या.

दर गुरुवारी ते क्लबवर जात. लग्न नसलं तर रविराज त्यांना आत जाऊ देई. ते नळ्यांवरची धूळ पुसत, मोटर लावत, एक गुंडाळी ऐकत आणि रिक्षानं परत येत. रविराजनं दोनदा कपाट लावायला बाहेरची माणसं बोलावली. दोन्ही वेळा नृसिंहरावांनी दारातच सांगितलं, "नळ्यांना हात लावायचा नाही. सूर बरोबर आहेत." ती माणसं परत गेली. रविराज माझ्याकडे आला. "बाई, तुमी सांगा काकांना. पाव्हणे हसत्यात. एकानं तर इचारलं, कपाटात मांजर हाय का?"

मी नृसिंहरावांना काही सांगितलं नाही. मला माहीत होतं की सूर बरोबर नाहीत, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मग रविराजच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती लहानपणापासून त्या कपाटाखाली खेळलेली. "माझ्या लग्नात वाजंल तर कपाटच, बँड नको," असं तिनं सांगितलं होतं. रविराजनं पुण्याहून पियानो लावणारी एक मुलगी बोलावली, ईरा. मुलगी म्हणजे तिशीची असेल. पण या वेळी तो नृसिंहरावांना आधी भेटला. मीही तिथं होते. पुढच्या खोलीत, जमिनीवर बसून तो म्हणाला, "काका, कपाट माझं हाय, पर लावलंय तुमी आन् काकूंनी. तुमी न्हाई म्हनला तर ती पोरगी परत जाईल. मी बहिणीची समजूत घालंन. शब्द हाय."

हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. नृसिंहराव माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "बाई, उद्या याल का बरोबर?"

सकाळी थंडी होती. ईरा आमच्या आधी पोहोचली होती आणि शिडीवर चढून नळ्यांवर टॉर्च मारून बघत होती. आम्हाला बघून खाली उतरली, नृसिंहरावांना नमस्कार केला.

"काका, हे तुम्ही लावलंय?"

"आम्ही."

"फार सुंदर लावलंय. एका 'सा'मध्ये." तिनं क्षणभर शब्द शोधले. "पियानो मी तुम्ही म्हणाल तसा लावते. या नळ्यांना धरून लावायचा तर तसा. मग ही पहिली गुंडाळी छान वाजेल, मधला भाग सोडून. बाकीच्या गुंडाळ्या मी ऐकल्या, त्या बहुतेक सगळ्या वाईट वाजतील. नाहीतर नळ्या बदलायच्या. मधलं काही नाही. तारा आणि नळ्या वेगवेगळ्या ठेवल्या तर दोघांचं भांडण होईल."

"नळ्या बदलल्या तर आधीचं राहत नाही," नृसिंहराव म्हणाले.

"नाही राहत," ती म्हणाली. तिनं खोटा धीर दिला नाही. "फोनवर मोजून ठेवता येतं कुठली नळी कुठं होती ते. पण नुसते आकडे राहतील."

ते कपाटाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पियानो बंद ठेवून नुसत्या नळ्या वाजवता येतील? एकदा."

ईरानं आतली एक कळ फिरवली. रविराजनं मोटर लावली. पहिली गुंडाळी फिरायला लागली.

तारांचा खडखडाट गेल्यामुळे नळ्या कितीतरी दिवसांनी स्पष्ट ऐकू येत होत्या. तेच संथ गाणं. नृसिंहराव खुर्चीवर बसले नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभे होते. पत्र्याखालच्या त्या मोठ्या खोलीत आम्ही चौघं होतो आणि बाकी सगळ्या लग्नाच्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या. गाणं पुढे गेलं. मग ती जागा आली. सूर एकमेकांवर खेकसले, ईराच्या कपाळावर आठी पडली, रविराजनं माझ्याकडे पाहिलं. आणि नृसिंहराव हसले. चांगले मोठ्यानं, खांदे हलवून हसले. हसता हसता त्यांनी मान डावीकडे वळवली, स्टूल असायचं त्या बाजूला. तिथं कुणी नव्हतं. आम्ही तिघं हसलो नव्हतो. मला तर गोष्ट ठाऊक होती, तरीही मला हसू आलं नाही. तिथं हसायचं असतं हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं.

हसू थांबलं. गुंडाळी संपेपर्यंत ते तसेच उभे होते. रविराजनं मोटर बंद केली.

"चूक आहे ती," ते ईराला म्हणाले. "आमची. पहिल्याच दिवशी कळली होती आम्हाला. पुढच्या थंडीत परत लावायचं असं तिनं ठरवलं होतं." मग जरा वेळानं, "त्याला झाले बरेच हिवाळे. लावा तुम्ही."

"तुम्हाला विचार करायला वेळ हवा असेल तर..."

"नको. ऊन चढलं की नळ्यांचे सूर चढतात. सकाळचं काम सकाळी करा. एक सूर धरायला माणूस लागेल तुम्हाला."

"मी चिकटपट्टी आणलीय, भोकांवर लावायला. एकटीनं होतं, वेळ लागतो इतकंच."

"एकट्यानं करू नये," नृसिंहराव म्हणाले. त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून तो काळा एक्स-रे काढला, स्टूल ओढलं आणि पितळेच्या पट्टीसमोर बसले. इतकी वर्षं ते शिडीवर असत. खालच्या जागेवर मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. शिडीवर ईरा चढली.

काम सुरू झालं. एक नळी वाजायची, ईरा फोनवरचा सूर दाखवणारा काटा बघत बूच हलवायची. नृसिंहरावांनी नुसता कागद धरायचा होता, बोलायचं काही कारण नव्हतं. पण सवयीनं ते बोलत होते. "वर. अजून. थांबा." आणि बऱ्याचदा काटा तिथंच थांबत होता. ईरा म्हणाली, "काका, मी फोन ठेवून देऊ का?"

"नको, ठेवा समोर. माझा कान एकाच घरचा आहे."

असं करत ते गांधाराशी आले. कागद सरकवला. नळी वाजली. ते लगेच म्हणाले, "पुरे."

ईरा वरून म्हणाली, "काका, मी अजून बुचाला हात लावलेला नाही."

नळी वाजत राहिली. एकच सूर, न हलता. नृसिंहरावांनी एक्स-रे दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मोटरची घरघर चालू होती. ईरानं घाई केली नाही. शिडीवर एक हात टेकून ती वाट बघत थांबली. मी खिडकीशी होते. त्यांची पाठ मला दिसत होती, चेहरा दिसत नव्हता.

"हो," ते म्हणाले. "लावा हात."

तिनं बूच किंचित आत ढकललं.

"वर," नृसिंहराव म्हणाले.

तिनं अजून ढकललं.

"अजून वर."

काटा जिथं हवा होता तिथं आला. ईरानंच सांगितलं, "झालं, काका." त्यांनी कागद पुढच्या भोकावर सरकवला.

दुसऱ्या दिवशी राहिलेल्या नळ्या आणि मग तारा झाल्या. ईरा परत जाताना त्यांना म्हणाली की पुण्यात तिच्याकडे जुन्या पेट्या येतात, त्यांना तंबोऱ्यातला गांधार लावून मागणारे लोक आता पुन्हा आहेत, तुम्ही आलात तर मला शिकता येईल. त्यांनी तिचा नंबर लिहून घेतला. नंतर तिनं दोनदा फोन केला असं रविराज म्हणाला. नृसिंहराव गेले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पट्टी धरायला लागतं ना कुणी. ती धरेल, पण मी कधी थांबायचं ते तिला सांगता येणार नाही. शिकेल तोवर मी कुठला!"

लग्न झालं. कपाट वाजलं. गाणी सा बदलत इकडून तिकडे गेली, कुठेही काही खेकसलं नाही. लोक जेवत होते, मुलं काचांमधून आतल्या हातोड्या बघायला ढकलाढकली करत होती. रविराजची बहीण शालू सावरत येऊन नृसिंहरावांच्या पाया पडली. "काका, झक्कास वाजतंय." तिला त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. पंगतीत माझ्या शेजारी बसून जेवले, जिलबी मागून घेतली. केशरबाई वाढपात होत्या, त्या थांबून म्हणाल्या, "काका, चांगलं वाजतंय, पर त्ये मागल्या वक्ताला गायल्यावानी न्हाई वाटत."

"नाही ना?" नृसिंहराव म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "कसं लागलंय?"

"चांगलं लागलंय. मुलगी हुशार आहे." रस्त्यावर उसाचे ट्रेलर होते, रिक्षा बराच वेळ त्यांच्या मागे रांगत होती. "आता त्यात सा कुणाचा नाही. कुणीही कुठूनही सुरुवात करावी."

त्यानंतरच्या गुरुवारी ते क्लबवर गेले नाहीत, आणि पुन्हाही गेले नाहीत. रविराज बोलवायला आला होता. "पुढच्या थंडीत येतो," असं म्हणाले. थंडी आली तेव्हा ईरा येऊन नळ्या बघून गेली. चिकटपट्टी लावून एकटीनं केलं तिनं.

मी आठवड्यातून एक-दोनदा जाते. ते चहा करतात, दुधाचं विचारतात, माझ्या गुडघ्यांचं विचारतात. गाण्याबद्दल बोलत नाहीत. दुरुस्तीला आलेली शेवटची पेटी त्यांनी मालकाला न उघडताच परत नेऊन दिली. पुढची खोली दिवाळीपासून एका मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिली आहे. मागच्या खोलीला बोळातून वेगळं दार आहे, नृसिंहराव आता तिथून ये-जा करतात.